लाल टोकाच्या काठ्या

कंठेरी चिखल्याचं घरटं म्हणजे खरं तर घरटं नसतंच. नदीचं पाणी उतरलं की पात्रात गोट्यांचा लांबलचक पट्टा उघडा पडतो. त्यात हा मूठभर पक्षी छातीने वाटीएवढी खळगी करतो आणि तिच्यात चार अंडी घालतो. अंडी गोट्यांच्याच रंगाची, गोट्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची. माझ्या सासूबाई एकदा हौसेने बघायला आल्या होत्या. मी बोट दाखवलं.

"कुठे?" त्या म्हणाल्या.

"तुमच्या पायाशी."

त्या जागच्या जागी अशा थिजल्या, की हाताला धरून बाहेर काढावं लागलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "असल्या ठिकाणी संसार मांडतात, म्हणजे त्यांच्याही घरात वडीलधारं कोणी नसणार."

म्हणून काठी लागते. सुताराच्या दुकानात उरलेल्या पट्टीची, गुडघ्याएवढी, टोकाला लाल रंग लावलेली. घरटं सापडलं की त्याच्यापासून पाच पावलं वरच्या अंगाला, म्हणजे नदी जिकडून येते तिकडे, ती रोवायची. नेहमी तिकडेच आणि नेहमी पाचच पावलं. मग दर तीन दिवसांनी यायचं, काठीपाशी थांबायचं, खालच्या अंगाला जपून पावलं मोजायची, अंडी बघायची, लिहायचं आणि निघायचं. जागा सांगणारं यंत्रही आहे आमच्याकडे, पण ते चार-सहा पावलं इकडेतिकडे सांगतं, आणि इथे एका पावलाची चूक म्हणजे चार अंडी. काठीचा नियम बाईंनी पहिल्या वर्षी घालून दिला. तो एकोणीस वर्षांत कोणी मोडला नाही. मी तर नाहीच नाही.

बाई पक्ष्यांच्या शास्त्रज्ञ. मी त्यांच्याकडे आले ती झाडू मारायला. पाणीपुरवठ्याच्या जुन्या पंपघरातल्या दोन खोल्या त्यांना अभ्यासासाठी मिळाल्या होत्या, त्यांतली धूळ माझ्या वाट्याला आली. पहिल्या महिन्यात टेबल पुसता पुसता मी नोंदवही वाचायला लागले आणि दुसऱ्या महिन्यात तिच्यातली चूक काढली. एकाच घरट्यात सोमवारी चार अंडी, गुरुवारी तीन आणि रविवारी पुन्हा चार! बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"झाडू ठेव," त्या म्हणाल्या, "आणि बूट घालून ये."

घरट्यांची गल्लत होऊ नये म्हणून काठ्यांचा नियम आला तो त्यानंतर, आणि पहिल्या काठीपासून सगळ्या मीच लावते. अंडं पाण्यात सोडायचं आणि ते किती कलतं त्यावरून किती दिवसांचं ते सांगायचं, हे शिकले. पिल्लाच्या पायात रंगीत कडी घालायला शिकले. शाळा अर्ध्यात सुटली होती, ती अशी गोट्यांत पुरी झाली.

सुरुवातीची सात-आठ वर्षं निम्म्याहून जास्त घरट्यांतून पिल्लं निघायची. मग, मधलं एक वर्ष सोडलं तर, उतरण लागली. शंभरात चाळीस, तीस, बावीस. गेल्या वर्षी चौदा. बाईंचं म्हणणं असं, की पलीकडच्या काठाला शहराचा कचरा पडायला लागल्यापासून कावळे वाढले आणि ते अंडी खातात. ते खोटं नव्हतं. कचरा वाढला होता, कावळे वाढले होते, अंडी कावळेच नेत होते. मी डोळ्यांनी बघत होते. बाईंचे निबंध छापून आले. दूरदूरचे लोक त्यांचे दाखले द्यायला लागले. यंदाचं विसावं वर्ष. वीस वर्षांचा अहवाल देऊन बाई निवृत्त होणार आणि त्या अहवालावरून वनखात्याचं कार्यालय कावळे पकडायचे पिंजरे लावणार, असं सगळं ठरलेलं होतं.

आणि यंदा मी एक काठी चुकीची लावली.

झालं असं, की एक मादी माझ्यासमोरून लगबगीने उठून पळाली. मला वाटलं, अंड्यांवरून उठली. जागा हातची जाऊ नये म्हणून मी आधी काठी रोवली आणि मग शोधायला लागले. घरटं नव्हतंच. ती बया नुसतीच तिथे बसली होती, ऊन खात. मी स्वतःवरच चरफडत पुढे गेले आणि काठी तिथेच राहिली. तासाभराने पट्ट्याच्या टोकाला, आमच्या गोणपाटाच्या आडोशात बसून मी डबा उघडला. सहज दुर्बीण डोळ्याला लावली, तर त्या काठीजवळ कावळा उतरलेला.

तो काठीपाशी थांबला. मग खालच्या अंगाला चालत गेला. माणसाच्या चार-पाच पावलांवर थांबला, मान वाकडी करून गोटे बघितले. डावीकडे गेला, उजवीकडे गेला. पुन्हा काठीपाशी आला आणि पुन्हा तसाच निघाला. घरातल्या नेहमीच्या फळीवर डबा सापडला नाही, की माणूस जसा करतो, अगदी तसं. त्याने तीन फेऱ्या घातल्या. वरच्या अंगाला तो एकदाही गेला नाही.

डब्यातला घास माझ्या हातात तसाच राहिला.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. काठ्या त्याच्याच दुकानातल्या, तोच रंग लावून देतो. तो आधी पोट धरून हसला.

"म्हणजे एकोणीस वर्षं आपण कावळ्यांना पाट्या लावून देतोय? जेवण इकडे मिळेल म्हणून?"

मी हसले नाही. मग त्यानेही हसू आवरलं. म्हणाला, "बाईंना सांगितलंस?"

"कशी सांगू? वीस वर्षं घातलीयत त्यांनी."

"आणि नाही सांगितलंस तर?"

त्याचं उत्तर मला माहीत होतं. पट्ट्यावर अजून पक्षी अंड्यांवर बसलेले होते आणि प्रत्येकाशेजारी माझी काठी उभी होती.

तरी मी तीन दिवस काही बोलले नाही. तेवढ्यात सहा रिकाम्या काठ्या रोवल्या, जिथे घरटी नाहीत अशा जागी, आणि आडोशात बसून राहिले. पाच काठ्यांशी कावळे आले. पाचही जण खालच्या अंगाला चालले.

चौथ्या दिवशी बाईंसमोर उभी राहिले. त्या टेबलाशी अहवालाचे कागद लावत होत्या. मी इकडचं तिकडचं बोलायला लागले, यंदा ऊन फार आहे, दुर्बिणीचा पाय सैल झालाय वगैरे.

"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस," बाई म्हणाल्या. "काय फोडलंस?"

मी सांगितलं. चुकीची काठी, कावळा, रिकाम्या सहा काठ्या, सगळं. बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. चेहरा काही हलला नाही.

"एकदा दिसलं म्हणजे काही नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच वेळ येते कधीकधी."

"सहात पाच फांद्या मोडल्या, बाई."

"त्या सहा काठ्या लावल्या कोणी?"

"मी."

"मग कावळे काठीकडे आले, की तुझ्याकडे? एकोणीस वर्षं तू त्या पट्ट्यावर फिरतेस. तू जिथे वाकतेस तिथे अंडी असतात, हे त्यांना कळायला काठी कशाला हवी?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. क्षणभर वाटलं, सुटले. मग लक्षात आलं, यात सुटका कसली? दोष काठीचा नसेल तर माझ्या वाकण्याचा.

"तुझ्या नवऱ्याला बोलाव," बाई म्हणाल्या. "त्याला कावळे ओळखत नाहीत."

नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद करून आला. "लाकडं सोडून आता कावळ्यांची परीक्षा घ्यायची," असं पुटपुटत. बाईंनी त्याला आखून दिलेल्या दहा जागी त्याने काठ्या ठोकल्या, एकदाही न वाकता, हातोडीने, खुंटी मारावी तशा. मी पंपघरात दार लावून बसले. आडोशात बाई स्वतः बसल्या, मोठी दुर्बीण लावून, दिवसभर.

संध्याकाळी त्या आत आल्या. दुर्बिणीवर झाकण घातलं. ते नीट बसलंय का, ते दोनदा बघितलं.

"आठ," त्या म्हणाल्या.

नवरा म्हणाला, "बाई, रंग बदलून देऊ का? हिरवा लावतो. गवतासारखा."

बाई पहिल्यांदाच हसल्या, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "त्यांना तोही कळेल हो. चार दिवसांत कळेल. तुम्ही घरी जा आता. फार मदत झाली."

तो गेल्यावर त्यांनी विचारलं, "पट्ट्यावर जिवंत घरटी किती उरली?"

"चौतीसपैकी नऊ."

"मी उद्या सकाळी सगळ्या काठ्या काढते," मीच पुढे म्हटलं. "आताच जाते, उजेड आहे अजून."

"थांब."

त्या "थांब"चा अर्थ कळायला मला वेळ लागला. रिकाम्या काठीशी कावळा येतो, एवढ्यानेच अंडी काठीमुळे जातात असं ठरत नाही, असं बाईंचं म्हणणं. कदाचित काठी नसती तरी कावळ्यांनी ती शोधलीच असती. ते बघायचं तर काही घरट्यांच्या काठ्या काढायच्या आणि काहींच्या ठेवायच्या. दोन्हीकडे काय होतं, ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं.

"पाच काढू. चार ठेवू."

"चार घरटी त्यांच्या तोंडी द्यायची? माहीत असताना?"

"माहीत नाहीये. तेच तर बघायचंय."

"मला माहीत आहे, बाई."

"तुला वाटतंय." त्यांचा आवाज चढला नाही. "मलाही वाटत होतं, इतकी वर्षं, की हा सगळा कचऱ्याचा दोष. तुझ्या वाटण्यावर आता पुन्हा एक अहवाल लिहू? उद्या कोणीतरी दुसरीकडे अशाच काठ्या लावत असेल. माझंच वाचून लावली असेल पद्धत. दहा-बारा ठिकाणचे लोक तर मलाच माहीत आहेत. त्यांना काय सांगू, आमच्या मदतनीस बाईंना वाईट वाटलं म्हणून काठ्या काढा?"

बाईंनी कागदाच्या नऊ चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर घरट्याचा आकडा लिहिला आणि त्या अंडी पाण्यात सोडायच्या स्टीलच्या भांड्यात टाकल्या.

"तू काढ. पहिल्या चार निघतील त्यांच्या काठ्या राहतील."

"निवडून नाही का ठरवता येणार?"

"तू निवडशील तर लाडकी वाचवशील. मीही तेच करेन."

असं म्हणून त्या उठल्या आणि मोरीपाशी जाऊन कप विसळायला लागल्या. माझ्याकडे त्यांची पूर्ण पाठ होती.

पहिली चिठ्ठी एकोणतीस. दुसरी अकरा. तिसरी सव्वीस. चौथी उघडली, तर एकोणीस.

एकोणीस म्हणजे लंगडीचं घरटं. पिल्लू होती तेव्हा तिच्या उजव्या पायात कडं मीच घातलं होतं. दुसऱ्या वर्षी कशात तरी अडकून तो पाय आखडला. तरी ती चार उन्हाळे आली, आणि चालताना अशी दचके खात चालायची, की कडं बघायच्या आधीच ओळखू यायची. तिची अंडी एकदाही तडीला गेली नव्हती. यंदाची फुटायला सहा-सात दिवस राहिले होते.

भांड्यात अजून पाच चिठ्ठ्या होत्या. नळ चालू होता. दोन कप विसळायला इतका वेळ लागत नाही. बाईंनी पाठ का केली होती, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

"एकोणीस," मी म्हटलं.

नळ बंद झाला. "लिही," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून पट्ट्यावर जाणं बंद. पाच काठ्या काढून आणल्या, चार ठेवल्या, आणि आम्ही दोघी आळीपाळीने आडोशात. दुरून दुर्बिणीतून एवढंच बघायचं, नऊपैकी कोण बसलंय आणि कोण नाही. कोणी आलं तर हाकलायचं नाही, उठायचं नाही, फक्त वेळ लिहायची.

तिसऱ्या दिवशी पाळी माझी होती. कावळे दोन होते. एक काठीपाशी उतरला, एक जरा मागे. लंगडी अंड्यांवरून उठली आणि या पक्ष्यांची जी युक्ती असते ती तिने केली, पंख मोडल्यासारखा फरफटत दूर जायला लागली. शत्रूला वाटावं, हा पांगळा पक्षी सहज हाती लागेल, आणि त्याने अंडी सोडून मागे लागावं. मुळात लंगडणारी ती, तिने लंगडण्याचं सोंग केलं. कोणीही फसलं असतं. कावळ्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो खालच्या अंगाला चालत गेला.

मी उठून उभी राहिले होते. केव्हा उठले ते कळलं नाही. गोणपाट डोक्याला लागलं तेव्हा कळलं. एक आरोळी दिली असती तर दोघं उडाले असते. मी खाली बसले. आठ बावन्नला पहिलं अंडं गेलं, आठ त्रेपन्नला दुसरं. नऊच्या आत चारही. लंगडी जरा लांब उभी होती. कावळे गेल्यावर ती आली, खळगीत बसली, उठली, पुन्हा बसली. तेही लिहिलं. ती किती वेळ बसली, ते लिहायचं राहिलं. त्याबद्दल बाई काही बोलल्या नाहीत.

बारा दिवसांनी हिशेब पुरा झाला. काठीवाली चारही घरटी गेली. बिनकाठीच्या पाचांपैकी चारांतून पिल्लं निघाली. पाचवं का गेलं, कळलं नाही.

"नऊ म्हणजे मूठभरसुद्धा नाही," बाई म्हणाल्या. "एवढ्यावर मी दुसऱ्या कोणाला पास केलं नसतं." मग त्यांनी जुन्या नोंदवह्या काढल्या. दोन दिवस आम्ही जमिनीवर पसारा मांडून बसलो. बाराव्या वर्षी माझ्या नवऱ्याचा हात मोडला होता आणि निम्मा हंगाम काठ्या आल्याच नव्हत्या; घरटी मी नुसत्या खुणेच्या दगडांवर लक्षात ठेवली होती. त्या वर्षी पिल्लं एकदम वाढलेली. बाईंनी तेव्हा छापलं होतं, कावळे कमी दिसल्यामुळे. त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे लिहिलं तेव्हा तू विचारलं होतंस मला," त्या म्हणाल्या. "कावळे कमी कुठे होते, बाई, असं."

"मला आठवत नाही."

"मला आठवतंय."

त्या दिवशी त्यांनी कार्यालयात साहेबांना फोन लावला. मी ऐकत होते ते एकाच बाजूचं. "पिंजरे थांबवा... नाही, पुढच्या वर्षीही नाही... कारण? कारण मी... हो, मीच. लिहून पाठवते." पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. बाई नुसत्या "हो" म्हणत होत्या, डॉक्टरांचं ऐकताना माणूस म्हणतं तसं.

नवीन अहवाल लिहायला त्यांना महिना लागला. कच्चा मसुदा माझ्याकडे वाचायला दिला, आकडे तपासायला. आकडे बरोबर होते. पण एक वाक्य मी तीनदा वाचलं. 'खुणेच्या काठ्यांची पद्धत प्रमुख संशोधकाने ठरवली व राबवली.' पुढे सगळा दोष त्या एकट्या प्रमुख संशोधकावर. माझा उल्लेख कुठेच नाही, वरच्या नावांत नाही आणि शेवटच्या आभारांतसुद्धा नाही. एरवी आभारांत मी असायचे, पंपघराच्या चौकीदाराच्या वर, दुर्बीण दुरुस्त करणाऱ्याच्या खाली.

"बाई, यात मी नाहीये."

"मुद्दामच काढलंय. ही काही मिरवायची गोष्ट नाही. लोक बोलतील. माझं काय, मी जातेय. तुला अजून इथेच काम करायचंय."

"राबवली म्हणजे काय?"

"म्हणजे अमलात आणली."

"एक तरी काठी तुम्ही रोवलीत?"

बाईंनी चष्मा काढला.

"सहाशे अठ्ठ्याऐंशी घरटी, बाई. प्रत्येक काठी मी लावली. इतकी वर्षं वरच्या नावांत माझं नाव नव्हतं, मला त्याचं काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, वाटलं थोडं. पण आता काढू नका. लंगडीच्या वेळेला मी बसून राहिले. ते कोणी केलं म्हणून लिहाल, प्रमुख संशोधकाने?"

त्यांनी तो पदराने पुसून परत घातला. मग पेन उचललं, ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं. 'पद्धत पहिल्या लेखिकेने ठरवली. सर्व काठ्या दुसऱ्या लेखिकेने लावल्या. पद्धतीतला दोष दुसऱ्या लेखिकेच्या लक्षात आला.' मग पहिलं पान उलटून आपल्या नावाखाली माझं नाव लिहिलं. वडिलांचं की नवऱ्याचं लावू, असं विचारलं. मी म्हटलं, "नवऱ्याचंच लावा, काठ्या त्याच्या आहेत." दोघीही हसलो, जरा जास्तच वेळ.

मग मी ते विचारलं, जे महिनाभर तोंडाशी येऊन परत जात होतं.

"किती गेली असतील हो? आपल्यामुळे? एकूण?"

बाईंनी आकडा सांगितला असता तर मला बरं वाटलं असतं, कितीही मोठा असता तरी. आकडा असला की माणूस तो कुठेतरी ठेवू शकतो.

"काही अंडी कावळ्यांनी काठ्यांशिवायही खाल्ली असती," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षांत ते शिकले नव्हते. केव्हा शिकले, एकच शिकला की सगळेच, याची आपल्याकडे नोंद नाही. ते आता काढता येणार नाही. कधीच नाही."

"मग तिथे काय लिहायचं?"

"तेच."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि पेन दिलं. 'काठ्यांमुळे एकूण किती अंडी नष्ट झाली' याच्यापुढची जागा रिकामी होती. मी लिहिलं, 'सांगता येत नाही.' बाईंनी वाचलं, एक शब्दही बदलला नाही आणि पान उलटलं.